पांढऱ्या अस्वलाचं पाकीट

बसा रे मुलांनो, मांडी घालून बसा. गोष्ट जनावरांची आहे. माणसांची सांगितली की तुमचे आईबाप माझ्याशी भांडायला येतात, म्हणून आता मी जनावरांचीच सांगतो. तर एक जंगल होतं. त्या जंगलात एक वाघही होता, पण तो या गोष्टीत नाही. तो दौऱ्यावर होता.

त्या जंगलात एक सुपरमार्केट होतं. जंगलात सुपरमार्केट कसं, असं मला विचारू नका. तुमच्या गल्लीत आलं तेव्हा कुणी विचारलं होतं का? आधी तिथं जांभळाची झाडं होती. मग एक दिवस काचेचं दार आलं, आत गार वारा सुटला, आणि सगळी जनावरं उगाचच तिथं फिरायला जाऊ लागली. आधी गारव्याला जायची, मग जातोच आहोत तर काहीतरी घेऊन यायची.

दुकानाचा मालक उदाजीशेठ. जातीचा उदमांजर. अंगाला नेहमी सुगंध आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. त्याला एकच गोष्ट कळत होती, पण ती पक्की कळत होती. जनावर डोळ्यांसमोर असेल तेच घेतं, वाकून काही घेत नाही. त्यामुळे जे खपवायचं ते तो डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा. अंडी, शेंगदाणे, तीळ, सुकट असला गावठी माल अगदी खालच्या फळीवर, केरसुण्या आणि फिनेलच्या शेजारी पडून असायचा. तो माल तिथं आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

त्याच जंगलात केरोबा नावाचं अस्वल राहायचं. बायकोचं नाव सगुणा. केरोबा मोठा खाणारा. मधाचं पोळं तो चपातीसारखं घडी घालून खायचा. पुढे मध सुपरमार्केटात बरणीतून मिळू लागला, तेव्हा झाडावर चढायचेही कष्ट संपले. पोट असं सुटलं की स्वतःचे पाय बघायचे तर त्याला तळ्याकाठी जावं लागे.

एक दिवस केरोबाच्या उजव्या पंजात बाभळीचा काटा मोडला. अगदी मोठ्या नखाच्या मुळाशी. सगुणानं काटा काढला, हळद लावली. जखम काही भरेना. आठवडे गेले, बोट सुजलं, त्याचा रंग बदलला. शेवटी सगुणा त्याला धरून डॉक्टर टिटव्यांकडे घेऊन गेली.

डॉक्टर टिटवे नदीकाठचे. सडपातळ, लांब पायांचे, सदा घाईत. त्यांनी रक्त पाहिलं, बोट पाहिलं आणि सांगितलं की रक्तात साखर झाली आहे. साखर उतरली तर जखम भरेल. दसऱ्यापर्यंत नाही भरली तर नखासकट बोट काढावं लागेल.

मुलांनो, तुमचं एखादं नख गेलं तर तुम्ही रडाल आणि विसराल. अस्वलाचं तसं नसतं. अस्वल त्याच नखानं खणतं, त्याच नखानं झाडावर चढतं, आणि भांडणात ते नख नुसतं दाखवलं तरी अर्धं भांडण मिटतं. केरोबा गुहेत आला आणि कोपऱ्यात तोंड करून बसला. सगुणानं विचारलं तेव्हा म्हणाला, मला भीती वाटते गं. एवढं मोठं धूड भीती वाटते म्हणालं, तेव्हा सगुणालाही रडू आलं. पण तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवली, कारण दोघांनी रडत बसून बोट वाचणार नव्हतं.

पथ्य तर डॉक्टरांनी अगदी सोपं सांगितलं होतं. गोड बंद, पिठाचं बंद, याला लो-कार्ब म्हणतात. अंडी खा, शेंगदाणे खा, पालेभाजी खा. आणि मुख्य म्हणजे मुंग्या खा, तुमच्या वाडवडलांनी तेच खाल्लं. केरोबाच्या गुहेमागेच एक भलंमोठं वारूळ होतं. सगुणा येताना वाटेतच म्हणाली, अहो, आपलं वारूळ तर घरचंच आहे.

केरोबाला हे लागलं. मुंग्या? सुपरमार्केट आल्यापासून जंगलात मुंग्या कोण खात होतं? ज्याच्याकडे काही नाही तो. आजोबा आयुष्यभर वारुळं चाटत हिंडले म्हणून आपणही तेच करायचं का, आपण काय खातो हे जंगल बघत असतं, असं तो बोलत राहिला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. केरोबाच्या घरी तर पिकलेलं नुसतं समोर ठेवलं तरी अपमान व्हायचा.

म्हणूनच मुंग्यांचं नाव निघताच त्यानं तिथंच डॉक्टरांना दुसरं काहीतरी विचारलं होतं. उपवास केले तर चालतील का? डॉक्टर म्हणाले, उत्तम. चांगले कडक करा.

इथंच सगळा घोळ झाला. डॉक्टर नदीकाठचे. तिकडे उपवास म्हणजे पोट रिकामं ठेवतात. आपल्या या जंगलात उपवास म्हणजे काय, हे तुम्ही तुमच्या घरी बघताच. एकादशी आणि दुप्पट खाशी. त्यात नुकताच श्रावण लागला होता. श्रावणात इथं इतके उपवास असायचे की महिनाअखेर जनावरांची वजनं वाढलेली असायची.

केरोबा दुसऱ्याच दिवशी ढकलगाडी घेऊन दुकानात शिरला आणि उदाजीशेठला म्हणाला, मला पथ्याचं दाखवा, ते लो-कार्ब का काय ते. उदाजीशेठनं तो शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. पण दुकानदारानं नाही म्हणायचं नसतं. त्यानं केरोबाला उपवासाच्या फळीपुढे नेऊन उभं केलं. पथ्य आणि उपवास, दोन्हींत नेहमीचं खायचं नसतं, म्हणजे गोष्ट एकच की नाही, असं त्यानं समजावलं. केरोबाला ते पटलं. मुलांनो, खरं सांगा, तुमच्या काकांनाही पटलं असतं.

संध्याकाळपर्यंत फळीवर नवी पाटी लागली. ‘पथ्य व उपवास’. खाली साबुदाण्याचे पापड, बटाट्याचा चिवडा, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू. सगळं अगदी डोळ्यांसमोर.

केरोबानं पथ्य मनापासून केलं. सकाळी पथ्याची खिचडी, दुपारी पथ्याचा चिवडा, चार वाजता पथ्याचे लाडू. आणि जेवण वेगळं. जेवणात भाकरी, भात, आमटी नेहमीप्रमाणे. सगुणा म्हणाली, अहो, पथ्य करायचं तर भाकरी तरी सोडा. केरोबाचं म्हणणं असं की भाकरी सोडली तर अशक्तपणा येईल, आणि मग पथ्य करायला अंगात ताकद कुठून राहणार. औषध काय आपण जेवणाच्या ऐवजी घेतो का? जेवणानंतरच घेतो ना? तसंच हे.

श्रावण संपला. केरोबा पुन्हा तपासायला गेला, जरा ऐटीतच. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, मग केरोबाकडे पाहिलं, मग पुन्हा रक्त पाहिलं. साखर वाढली होती. ती कमी झाली नव्हती, तेवढीच राहिली नव्हती, वाढली होती. त्यांनी विचारलं, उपवास केलेत ना? केरोबानं काय काय केलं ते साग्रसंगीत सांगितलं. आभाळ पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवशी डॉक्टर टिटवे भरदिवसा, पेशंटसमोर, पाय वर करून आडवे झाले.

उठल्यावर ते सगुणाला बाजूला घेऊन म्हणाले, आता फार वेळ नाही. बोट काळं पडायला लागलंय.

आता तरी केरोबा शहाणा होईल असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही लहान आहात, वाटणारच. केरोबानं विचार केला आणि त्याला चूक सापडली. आपण स्वस्तातलं पथ्य केलं, हीच ती चूक. तो उदाजीशेठकडे गेला आणि म्हणाला, भारीतलं काढा.

उदाजीशेठनं काचेच्या कपाटातून एक चकचकीत पाकीट काढलं. पाकिटावर पांढऱ्या अस्वलाचं चित्र होतं. बर्फावर उभं, छाती पुढे काढलेलं. लांबच्या थंड मुलखातला माल, तिकडची अस्वलं न्याहारीला हेच खातात, असं उदाजीशेठनं सांगितलं. केरोबा त्या चित्राकडे बघतच राहिला. पाकीट छातीशी धरूनच तो घरी आला. सगुणानं चित्र बघितलं आणि म्हणाली, अहो, हा तर तुमच्यापेक्षा जाड आहे. केरोबा म्हणाला, तो पांढरा आहे, त्याला शोभतं.

पाकिटात तपकिरी, कुरकुरीत गोळ्या होत्या. सगुणानं एक तोंडात टाकली. गोड. नुसती गोड नाही, दाताला चिकटेल इतकी गोड. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, ती गोडी वेगळी असते, तुला त्यातलं कळत नाही.

दुपारी केरोबा मूठभर गोळ्या खाऊन घोरत पडला. उघडं पाकीट गुहेच्या दाराशी राहिलं. सगुणा मागचं आवरून आली, तर मागच्या वारुळातून मुंग्यांची रांग थेट पाकिटापर्यंत आलेली. काळ्याभोर, गुबगुबीत मुंग्या. मुंगी कधी पाटी वाचत नाही. साखर असली तर येते, नसली तर येत नाही.

सगुणा तिथंच बसली. एकदा त्या रांगेकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पंजाकडे. पंजा झोपेतही दुखत असावा, कारण तो मधूनमधून हलत होता. तिला नवऱ्याचा इतका राग आला की पाकीट त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. आणि त्याची इतकी दया आली की तो राग तिला तसाच गिळावा लागला.

मग ती उठली. पाकिटातल्या सगळ्या गोळ्या तिनं वारुळापाशी ओतल्या. जंगलभरच्या मुंग्या लोटल्या. तिनं त्या सुपात भरल्या, पाखडल्या आणि लसूण, मीठ घालून तव्यावर खरपूस परतल्या. गार झाल्यावर मूठभर शेंगदाणे मिसळले आणि सगळं पाकिटात भरून वरून दोरा बांधला. गोळ्या मुंग्यांनी खाल्ल्या आणि मुंग्या केरोबासाठी पाकिटात गेल्या. पांढरं अस्वल तसंच छाती काढून उभं होतं.

केरोबा उठला, त्यानं पाकिटात पंजा घातला, खाल्लं, आणि डोळे मिटले. म्हणाला, बघ, मघापेक्षाही आता चव लागतेय. मुरलंय. मग एक सुस्कारा सोडून म्हणाला, तुझ्या हातचं कधी असं झालं नाही बघ.

सगुणानं पदर तोंडाला लावला. तो हसू लपवायला की दुसऱ्या कशाला, ते मला माहीत नाही. पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पुष्कळ काही लिहिलेलं होतं, आणि केरोबाला जवळचं दिसत नव्हतं. तो म्हणाला, काय लिहिलंय गं मागे? वाच बरं.

सगुणानं पाकीट हातात घेतलं आणि वाचलं. ‘हे खाताना भाकरी, भात, लाडू, चिवडा यांतलं काहीही खाऊ नये. खाल्ल्यास गुण येणार नाही.’ केरोबा गंभीर झाला. म्हणाला, असं आहे होय, मग बंद कर ते सगळं. लग्न झाल्यापासून ती जे सांगत होती, ते पाकिटानं एका वाक्यात करून दाखवलं.

मग काय, दर दोन दिवसांनी पाकीट रिकामं व्हायचं आणि मागच्या मागे भरलं जायचं. केरोबाला सगुणानं सांगितलं होतं की मी दुकानातून आणते. तशी ती दुकानात जायचीच. खालच्या फळीपुढे वाकून अंडी, शेंगदाणे, तीळ, सुकट घेऊन यायची. त्याच दुकानात सगळं होतं, वाकायची तयारी हवी. पाकिटावर मात्र रोज नवं काहीतरी लिहिलेलं सापडायचं. ‘सकाळी दोन अंडी खावीत.’ ‘रोज तळ्याला फेरी मारावी.’ एकदा तर ‘सेवन करणाऱ्यानं घरात आवाज चढवू नये’ असंही निघालं. केरोबानं तेसुद्धा पाळलं. तो म्हणायचा, थंड मुलखातली अस्वलं किती बारीक विचार करतात.

बोटाचा काळा रंग हटला. सूज उतरली. दसऱ्याच्या आधी डॉक्टर टिटव्यांनी पंजा उलटासुलटा करून बघितला आणि सांगितलं, बोट वाचलं, नख शाबूत. केरोबा डॉक्टरांच्या देखत रडला. घरी येताना त्यानं त्या नखानं वाटेतल्या प्रत्येक झाडावर एक ओरखडा काढला. सगुणा मागून चालत होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की काय करावं कळेना, म्हणून तीही मधूनच एखाद्या ओरखड्यावर हात फिरवत होती.

केरोबाच्या तोंडाला आता कोण आवर घालणार? त्यानं जंगलभर सांगितलं, पांढऱ्या अस्वलाच्या पाकिटानं माझं बोट वाचवलं. दुकानापुढे रांग लागली. खुद्द उदाजीशेठला घाम फुटला, कारण पाकिटात काय आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. तो स्वतः ते कधी खात नव्हता. केरोबा तळ्याला फेरी मारायला गेल्याचं बघून तो गुहेशी आला. दाराशीच थांबून त्यानं नाक वर केलं. उदमांजराचंच नाक ते. लसूण, मीठ, तवा आणि मुंगी, सगळं त्याला दारातच कळलं.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “यात माझं काय आहे?”

“पाकीट,” सगुणा म्हणाली.

उदाजीशेठनं ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. दसऱ्याला दुकानात समारंभ आहे, केरोबा बोलणार आहेत, तुम्ही काही बोलू नका, एवढंच त्यानं मागितलं. सगुणानंही भाव लावला. खालच्या फळीवरची अंडी, शेंगदाणे, तीळ, सुकट वर आण. डोळ्यांसमोर. त्या गोड गोळ्या विकणं बंद कर, आणि ते साबुदाणा-बटाट्यावरचं ‘पथ्य’ पुसून टाक. इथं आणखी बोटं आहेत.

उदाजीशेठनं शब्द पाळला. व्यापारी माणूस, चुकलो, व्यापारी जनावर शब्द पाळतं. अंडी वर आली. फक्त प्रत्येक अंड्यावर त्यानं पांढऱ्या अस्वलाचं चित्र चिकटवलं आणि भाव तिप्पट केला. पूर्वी कुणी बघत नव्हतं ती अंडी दुपारच्या आत संपली, आणि पुढे पुष्कळ जनावरांची साखर खरोखर उतरली. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझी बुद्धी चालत नाही.

दसऱ्याला दुकानापुढे सारं जंगल जमलं. आपट्याची पानं वाटली गेली. केरोबाला स्टुलावर उभं केलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. तो हडकला होता आणि खरंच देखणा दिसत होता. त्यानं उजवा पंजा वर उचलला. नख उन्हात चमकलं.

“हे नख माझं नाही,” तो म्हणाला. “हे ज्यांनी वाचवलं त्यांचं आहे. मी त्यांना कधी बघितलं नाही. ते कुठंतरी बर्फात आहेत. पण त्यांनी मला घरच्यासारखं जपलं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उदाजीशेठनं सर्वांत जोरात वाजवल्या. डॉक्टर टिटव्यांना काहीतरी संशय होता, पण ते घाईत होते.

सगुणा मागे जांभळाच्या उरलेल्या एका खोडाला टेकून उभी होती. तव्याचा चटका बसून तिचा पंजा पोळला होता, त्याला तिनं हळद लावली होती. ओठांवर आलेलं तिनं बोलून टाकलं असतं. मग तिनं ते उन्हातलं नख बघितलं, आणि बोलायचं राहिलं. शेजारी एक नवीन राहायला आलेली सांबरीण होती. तिनं केरोबाचं फार कौतुक केलं, आणि मग बोलायचं म्हणून सगुणाला विचारलं, “आणि वहिनी, तुम्ही काय करता?”

“मी?” सगुणा म्हणाली. “मी घरीच असते.”

तात्पर्य : बायकोचं, आईचं आणि डॉक्टरचं कधीही ऐकू नये. पाकिटावर लिहिलेलं मात्र शब्दशः पाळावं, आणि ते आपल्याला दिसत नसेल तर बायकोलाच वाचून दाखवायला सांगावं.